पावसाळी ताडपत्रीमागच्या लोंबत्या सक्युलेंट वेली: फोंड्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा शहरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात तिघं: प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, त्यांचा मुलगा आणि सून. शिक्षिकेला सगळी वस्ती ‘बाई’ म्हणते, मीही इथे तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, झाडांचे तपशील तसेच ठेवले आहेत.

दिवाळीनंतर मुलगा कामासाठी पुण्याला गेला होता. येताना त्याने सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून चार टांगत्या कुंड्या आणल्या. स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या मण्यांसारखी वेल. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, बारीक, बदामाच्या आकाराच्या पानांची. बुरोज टेल, जाड पानांच्या वेणीसारखी. चौथी होया, मेणचट पानांची. चारही प्लॅस्टिकच्या कुंड्यांत, खाली चिकटवलेली बशी, आत जवळजवळ निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. नर्सरीसाठी ते ठीकच असतं: हलकं, स्वस्त, प्रवासात सांडत नाही.

हॉलला लागून पश्चिमेची बाल्कनी. पर्ल्स आणि बुरोज टेल हॉलमध्ये छताच्या हुकांना, हार्ट्स आणि होया बाल्कनीत. नोव्हेंबर ते मे सगळं छान चाललं. बाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्याच्या तळाशी उरलेलं थोडं थोडं चारही कुंड्यांत ओततात. सक्युलेंटला, म्हणजे पानांत-देठांत पाणी साठवणाऱ्या झाडाला, रोज पाणी हे कुठल्याही पुस्तकाच्या विरुद्ध, पण हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात ते चमचा-दोन चमचे दुसऱ्या दिवसापर्यंत उडून जायचं. त्यामुळे सवय पक्की झाली, आणि ती चुकीची आहे असं वाटण्याचं कुणाला कारणही नव्हतं.

या चार वेलींना एकाच नावाखाली विकतात, पण त्यांची मुळं फार वेगळ्या ठिकाणची आहेत. पर्ल्स, शास्त्रीय नाव क्युरिओ रोलियानस, दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली. तिथे ती लोंबत नाही, झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाने जमिनीवर पसरते आणि जागोजागी मुळं धरते. बुरोज टेल मेक्सिकोतली, कड्यांवरून लोंबणारी. हार्ट्स ही सेरोपेजिया वुडी. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वूड यांना ती १८८१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात खडकांवरून लोंबताना सापडली, म्हणून नावात वुडी. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या खरपुडी, कंदीलपुष्प याच कुळातल्या सख्ख्या बहिणी. आणि होया मुळात उष्ण, दमट आशियातली, झाडांच्या खोडांवर चढणारी. तिच्या काही जाती पश्चिम घाटातही आपल्या आपण वाढतात. पुढे जे घडलं त्यातलं निम्मं या एका परिच्छेदात आहे.

अडचण

गोव्यात पश्चिमेची बाल्कनी म्हणजे पावसाची वाट. मेच्या शेवटी, सगळीकडे बांधतात तशी, या घरानेही निळी ताडपत्री बांधली. कठड्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत, चारी बाजूंनी दोरी आवळून. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

जुलैच्या सुरुवातीला पर्ल्सचे मणी सुरकुतले. सूनबाईंनी फोनवर शोधलं. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं: सुरकुत्या म्हणजे तहान. म्हणून तांब्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा कुंडी भिजेस्तोवर पाणी सुरू झालं. सुरकुत्या वाढल्या. कुंडीच्या तोंडाशी वेल टकली झाली. खाली लोंबणारी टोकं हिरवी, वरचं डोकं गेलेलं. बुरोज टेलची पानं हात न लावता गळू लागली. कुंड्यांभोवती चिलटं घोंगावू लागली.

मला बोलावलं तेव्हा घरात सौम्य वाद चालू होता. सूनबाई म्हणत होत्या, “आई, पाणी जास्त होतंय.” बाईंचं म्हणणं, “मी नोव्हेंबरपासून घालते तेवढंच घालते. तेव्हा का नाही मेली?” मला बाईंचा प्रश्न जास्त नेमका वाटला. पाणी तेवढंच होतं, मग बदललं काय?

पाहणी

कुंडी उचलली तर जड. उदबत्तीची जळून उरलेली काडी कडेने तळापर्यंत खुपसली, मिनिटभर ठेवली. बाहेर आली ती ओली, भुरकट कोकोपीट चिकटलेली. पर्ल्स अलगद बाहेर काढली. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल हातात आणि आत नुसता दोरा. ही कुजलेली मुळं. ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून मणी सुरकुततात. पाण्यात बसलेलं झाड तहानेने वाळतं, आणि वरून दिसणारं लक्षण दोन्ही बाबतीत हुबेहूब सारखं. या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला क्षण हाच होता: सुरकुती दिसली आणि कुंडी उचलून न पाहता पाणी वाढवलं गेलं.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. जानेवारीत फोंड्यात दिवसाचं कमाल तापमान ३२ अंशांच्या आसपास आणि रात्रीचं २० च्या आसपास असतं. जुलैत दिवस २९, रात्र २४. अशा वेली रात्री पर्णरंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरतात. कोरड्या मुलखात पाणी वाचवण्याची ही युक्ती. तिला गार रात्र मानवते. जुलैत ती गार रात्र नाही, हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात, म्हणजे कुंडीतलं पाणी उडत नाही. आणि दिवसा साठवलेलं वापरायला जो उजेड लागतो, तो ताडपत्रीने अडवलेला.

फोनवरच्या ॲपने उजेड मोजला. ही ॲप फार नेमकी नसतात, पण दोन जागांतला फरक कळायला पुरतात. दुपारी बाराला कठड्याजवळ, ताडपत्रीच्या आत, दोन हजार लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) थोडं खाली. हॉलमध्ये छताच्या हुकापाशी तीनशेसुद्धा नाही. घरात छताजवळचा पट्टा कायम अंधाराच असतो, कारण खिडकीचा उजेड तिरका खाली पडतो. वेल लोंबते म्हणून आपण तिला उंच टांगतो. पण पर्ल्सचं मूळ कुंडीच्या तोंडाशी, आणि तिथेच उजेड पोचत नव्हता. टक्कल वरून सुरू झालं ते त्यामुळेही. पर्ल्सच्या प्रत्येक मण्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते, तिच्यातून उजेड आतल्या गाभ्यात जातो. उजेडासाठी खास खिडकी केलेलं झाड आपण घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या पट्ट्यात टांगलं होतं.

बाल्कनीतली हार्ट्स बारीक पेरं लांबवत होती, पान ते पान अंतर दुप्पट झालेलं, पण कंद घट्ट. होयाला काहीच झालं नव्हतं. उलट तिला नवा फुटवा होता.

पर्याय

घरच्यांशी बसून पाच पर्याय मांडले. त्यांतले दोन पटकन बाद झाले. एसीच्या खोलीत ठेवायचं: हवा कोरडी, पण ती खोली मागच्या बाजूला, खिडकी डक्टमध्ये उघडणारी, उजेड नाहीच. धारवाडच्या नातेवाइकांकडे पावसाळाभर पाठवायचं: बुरोज टेल बसमध्ये अर्धी पानं सांडून पोचली असती.

ताडपत्री काढायची, हा तिसरा. उजेड आणि वारा दोन्ही सुटले असते. पण पश्चिमेचा पाऊस हॉलच्या टाइल्सपर्यंत येतो, आणि चार महिने कपडे वाळायला दुसरी जागा नाही. झाडांसाठी माणसांनी ओल्यात राहायचं, हे मलाही पटत नव्हतं.

चौथा, सगळ्या कुंड्या लगेच बदलायच्या. सूनबाईंचा कल इकडे होता. माझा विरोध होता. मुळं हलवली की त्यांना जखमा होतात, आणि जुलैच्या हवेत जखम सुकायला वेळ लागतो. होया आणि हार्ट्स ठणठणीत असताना त्यांना या महिन्यात हात लावणं म्हणजे नसलेला प्रश्न तयार करणं. जे कुजतंय तेवढंच बाहेर काढावं.

पाचवा, झाड सोडून देऊन त्याची टोकं वाचवायची. मूळ रोप जगेल या आशेवर वेळ घालवण्यापेक्षा घट्ट हिरवी टोकं आजच कापून ठेवायची. बाईंना हे जड गेलं. आधी मूळ झाडाला एक संधी द्यावी, असं त्यांना वाटत होतं. शेवटी दोन्ही करायचं ठरलं, पण क्रम पक्का: आधी टोकं कापायची, मग उरलेल्यावर प्रयोग. क्रम उलटा झाला तर कुज टोकांपर्यंत पोचते आणि हाती काहीच राहत नाही.

काय केलं

पर्ल्सची टोकं चार बोटं लांबीची कापली, देठाकडचे दोन-तीन मणी काढले आणि वर्तमानपत्रावर मंद पंख्याखाली पसरली. कोरड्या हवेत एक-दोन दिवसांत काप सुकतो. इथे जवळपास आठवडा लागला. कुणीतरी दालचिनीची पूड लावायला सांगितलं होतं. बाईंनी लावली, मी नको म्हटलं नाही. तिने बिघडलं काहीच नाही. घडलं काही, असंही म्हणवत नाही. काम केलं ते पंख्याने.

रोवण्यासाठी कुंडी न घेता तळाला भोकं पाडलेली मातीची परळ घेतली, पसरट आणि उथळ. पर्ल्सची मुळं वरच्या दोन इंचांतच असतात, खाली खोल माती ठेवली तर ती फक्त ओल साठवते. मिश्रणात निम्मी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, खडी, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढी, चाळून आणि लाल पाणी जाईपर्यंत धुऊन. चिऱ्याचा चुरा न धुता वापरला तर तो खाली बसून भोकं बुजवतो. पाव भाग जाड नदीची रेती, पाव भाग कोकोपीट. रेतीबद्दल गोव्यात एक गोष्ट सांगावीच लागते: किनाऱ्यावरची फुकट मिळते म्हणून आणू नये, तिच्यात मीठ असतं. टोकं उभी न खोचता वेटोळं करून पृष्ठभागावर ठेवली आणि केसांच्या पिनांनी दाबली. प्रत्येक पेऱ्याशी मूळ सुटू शकतं, आणि तिच्या मुलखात ती अशीच आडवी वाढते.

उजेडाचा प्रश्न एलईडी ट्यूबने सोडवला. २० वॅटची पांढऱ्या उजेडाची साधी ट्यूब, हॉलच्या खिडकीतल्या फळीच्या वर वीतभर-सव्वा वीत अंतरावर, टायमर लावून बारा तास. दिवसाला पाव युनिटपेक्षा किंचित कमी, म्हणजे महिन्याला सात-साडेसात युनिट. झाडांसाठीचे जांभळे दिवे महाग असतात आणि हॉलमध्ये डोळ्यांना त्रास देतात, त्यांची गरज पडली नाही. छताचे हुक रिकामे केले. पर्ल्सची परळ आणि बुरोज टेल फळीवर आली.

ताडपत्रीबाबत मधला रस्ता निघाला. ती वरून एक हात खाली सोडली. वरचा स्लॅब पुढे आलेला आहे, त्यामुळे त्या फटीतून फारसा पाऊस येत नव्हता, पण वारा खेळू लागला. खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोग याचाच झाला.

पाण्याचं काय? बाईंना “घालू नका” सांगून उपयोग नव्हता. सकाळचा तांब्या हा त्यांचा नेम आहे, त्यात झाडांकडे रोज एकदा बघणं होतं आणि ते मोलाचं आहे. म्हणून उरलेलं पाणी होयाला आणि कठड्यावरच्या मोगऱ्याला, बाकीच्या तिघींना फक्त काडी. काडी कोरडी आली आणि कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी, तेही तळातून निथळेल इतकं एकदम. चिकटवलेल्या बशा काढून टाकल्या. चिलटं त्यानंतर आपोआप कमी झाली, त्यांची पिल्लं ओल्या कोकोपीटवरच वाढतात.

चवथीचं रंगकाम

ऑगस्टमध्ये चवथीआधी हॉल रंगवायला काढला. इथे बहुतेक घरांत हे होतंच, पण आमच्या आराखड्यात ते नव्हतं. रंगाऱ्यांनी फळी रिकामी केली आणि कुंड्या मागच्या खोलीत, कपाटामागे नेऊन ठेवल्या. बुरोज टेल इथे हरली. तिची पानं नुसत्या धक्क्याने सुटतात. जागा बदलताना एकदा, परत आणताना दुसऱ्यांदा, आणि मधल्या अंधाऱ्या दिवसांत देठ मऊ पडले. पानांवरची पांढरी मेणाची पूड बोटांनी पुसली गेली ती वेगळीच. पडलेली पानं ताटलीत कोरड्या खडीवर पसरली. बऱ्याच पानांना गुलाबी मुळं आणि चिमुकला फुटवा आला, पण श्रावणसरींत त्यातली बहुतेक काळी पडली.

शेजारच्या घराची पूर्वेची खिडकी त्या काळात मोकळी होती, हे नंतर कळलं. आठ-दहा दिवस एक झाड तिथे ठेवायला कुणी नाही म्हटलं नसतं.

ऑक्टोबर

पाऊस ओसरला, दसऱ्याच्या साफसफाईत ताडपत्री एका दुपारी उतरवली गेली. चार महिने सावलीत वाढलेल्या पानांवर पश्चिमेचं ऑक्टोबरचं ऊन थेट पडलं. दोन दिवसांत होयाच्या पानांवर पांढुरके, मग तपकिरी चट्टे आले. हार्ट्सची कडेची पानं करपली. जी झाडं पावसाळ्यात निर्धास्त होती त्यांना ऊन लागलं, आणि जिची सगळ्यांना काळजी होती ती पर्ल्स हॉलच्या फळीवर सुरक्षित राहिली.

इथे निर्णय सोपा होता, पण कुणाच्या डोक्यात तो निर्णय आहे हेच आलं नाही. ताडपत्री उतरवणं हे घरकाम समजलं गेलं. जुनी पातळ साडी किंवा पडदा आठ-दहा दिवस मध्ये बांधला असता, किंवा ताडपत्री दर दोन-तीन दिवसांनी हातभर खाली सोडली असती, तरी पुरलं असतं. होयाची करपलेली पानं सूनबाई कापायला निघाल्या होत्या. थांबवलं. चट्टा सोडून उरलेलं पान अजून काम करतं, आणि नवी पानं आली की जुनं आपोआप मागे पडतं.

निष्पत्ती

पर्ल्सचं मूळ झाड गेलं. परळीतली वेटोळी जगली, डिसेंबरात कडेवरून खाली उतरू लागली. आता ती घराच्या मांजरीच्या आवाक्यात येत नाही ना, हे बघावं लागतं, कारण ही वेल मांजरा-कुत्र्यांना विषारी आहे. हार्ट्सची पेरं अजून विरळ दिसतात, पण देठांवर आलेले लहान कंद मिश्रणावर टेकवून वरची उघडी जागा भरून काढली. होयाला नोव्हेंबरात नारळाच्या सोडणाचे तुकडे, खडी आणि थोडं कोकोपीट अशा भरभरीत मिश्रणात हलवलं. बुरोज टेलची दोन पानं जगली. त्यांचं झाड व्हायला वर्षं लागतील, आणि पुढच्या पावसाळ्यातून ती जातील यावर माझा फारसा भरवसा नाही.

पुन्हा करायचं झालं तर

कामाचा महिना मे आहे, जुलै नव्हे. कोकोपीटमधून बाहेर काढायचं, बशा काढायच्या, उजेडाची जागा ठरवायची, हे सगळं हवा कोरडी असताना करता आलं असतं आणि कापलेली टोकं दोन दिवसांत सुकली असती. पहिला पाऊस ही मुदत धरावी. त्यानंतर खत तर अजिबात नको, कमी उजेडात ते फक्त मऊ, लांबट फुटवा देतं.

खरेदीबद्दल माझं मत घरच्यांना फारसं रुचलं नाही. किनाऱ्यालगतच्या घराने लोंबती वेल निवडताना आधी होया किंवा तिच्याच कुळातली बारीक गोल पानांची डिस्किडिया घ्यावी, मग हार्ट्स, आणि पर्ल्स ट्यूबची तयारी असेल तरच. बुरोज टेल मी सुचवणार नाही. सूनबाईंचं म्हणणं, सोपीच झाडं ठेवायची तर मनीप्लँट काय वाईट होता?

यंदा त्यांनी बाल्कनीच्या डाव्या अर्ध्या भागाला पारदर्शक शीट बसवली आहे, वर हातभर फट ठेवून. कपड्यांच्या बाजूला निळीच आहे. जूनमध्ये पुन्हा लक्स मोजायचं ठरलंय. होयाला मार्चमध्ये पहिला फुलांचा झुबका आला. फुलं गळल्यावर राहिलेला बोडका दांडा मात्र तसाच ठेवायला सांगितलंय, पुढची फुलं त्याच दांड्यावर येतात.